वसई ते धूळकोट

तापीच्या उत्तर तीरावर वसलेले बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी मराठी माणसाला ते परके वाटत नाही. तेथील कित्येक घरांतून आजही मराठी बोलली जाते, आणि शहराच्या उत्तरेस उभा असलेला असीरगड आपल्या इतिहासात पुन:पुन्हा डोकावतो. उत्तरेकडून येणाऱ्या सैन्यांना दख्खनमध्ये उतरावयाचे तर हा गड ओलांडावा लागे; म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. अकबराने १६०१ मध्ये तो घेतला. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये निजामाने गड आणि शहर दोन्ही मराठ्यांच्या स्वाधीन केली. त्यानंतर साठ वर्षे पुरी होण्याच्या आतच, ३ जून १८१८ रोजी, ह्याच गडाच्या परिसरात धूळकोट येथे मराठी राज्याचा अखेरचा पेशवा इंग्रजांच्या छावणीत दाखल झाला आणि पुन्हा कधीही दक्षिणेत परतला नाही.

शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला तो दिवस आपण दु:खाने आठवतो. धूळकोटचे नाव मात्र शाळकरी पुस्तकांतही क्वचितच आढळते. दुसऱ्या बाजीरावाला पळपुटा हे विशेषण चिकटवले की राज्य का बुडाले ह्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजण्याची सवय आम्हा मराठी माणसांना जडली आहे. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यामुळे एकाच्या माथी सारे पाप जाते आणि बाकीचे सारे सुटतात. त्या एकाचे आयुष्य जरा सावकाश वाचले, तर सुटलेल्यांची यादी बरीच लांब आहे असे दिसून येते.

बाजीरावाचा जन्म १० जानेवारी १७७५ रोजी धारच्या किल्ल्यात झाला. त्यापूर्वी जेमतेम दीड वर्ष आधी नारायणराव पेशव्याचा शनिवारवाड्यात खून झाला होता, आणि त्या खुनाचा डाग बाजीरावाचा पिता रघुनाथराव याच्यावर होता. मूल दोन महिन्यांचेही झाले नव्हते तोच रघुनाथरावाने सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईच्या गादीसाठी साष्टी व वसई देऊ केली. पहिल्या चिमाजी अप्पाने १७३९ मध्ये शेकडो माणसे खर्ची घालून पोर्तुगीजांकडून जिंकलेली ती वसई, त्याच्याच सख्ख्या पुतण्याने कागदावर सही करून देऊ केली. कोकणच्या वाचकाला ह्या ठिकाणाचे नाव पुढेही भेटणार आहे, म्हणून ते येथेच ध्यानात ठेवलेले बरे.

सात वर्षांच्या युद्धानंतर १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. रघुनाथरावाला दरमहा पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली आणि त्याचा गादीवरील हक्क संपला. पुढच्याच वर्षी कोपरगावास त्याचा अंत झाला. आठ वर्षांच्या बाजीरावाच्या वाट्याला आला तो पहारा. आई आनंदीबाई, दत्तक वडीलभाऊ अमृतराव आणि बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेला धाकटा भाऊ चिमाजी यांच्यासह त्याचे बालपण आणि तारुण्य आधी गोदातीरी आणि नंतर शिवनेरीवर नजरकैदेत गेले. शिवाजी महाराजांचा जन्म ज्या गडावर झाला, त्याच गडावर भावी पेशवा कैदी म्हणून वाढला. मुलगा देखणा होता, बोलण्यात गोड होता, शास्त्रांत त्याला गती होती. परंतु ज्याच्या प्रत्येक पत्रावर आणि प्रत्येक भेटीवर कोणाची तरी नजर असते, तो मुलगा एकच विद्या उत्तम शिकतो. ती म्हणजे मनातले कोणालाही कळू न देण्याची. चुलत्याच्या वंशातील सवाई माधवरावाशी त्याने गुप्त पत्रव्यवहार केला. तो नाना फडणिसांना कळला आणि पहारा आणखी कडक झाला.

नानांच्या बुद्धिमत्तेविषयी आणि राज्यनिष्ठेविषयी आमच्या मनात शंका नाही. पण राज्याचा वारस होऊ शकणाऱ्या मुलाला कारभार शिकविण्याऐवजी कोंडून ठेवणे, ही राज्यनिष्ठेची कोणती रीत, हा प्रश्न विचारावाच लागतो. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वाड्याच्या सज्जावरून पडून मरण पावला, तेव्हा गादीचा जवळचा वारस एकच घर उरले होते, आणि ते नेमके कैदेत होते. पुढले वर्ष कारस्थानांत गेले. आधी कैदेतील बाजीराव, मग त्याचा धाकटा भाऊ चिमाजी, मग पुन्हा बाजीराव अशी नावे पुढेमागे सरकविण्यात आली. कधी नाना, कधी परशुरामभाऊ पटवर्धन, कधी दौलतराव शिंदे, ज्याला ज्या दिवशी जो सोयीचा वाटला तो त्याने उचलून धरला. डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव अखेर पेशवा झाला, तेव्हा त्याचे वय एकवीस होते. आपल्याला गादीवर बसविणाऱ्यांपैकी एकालाही आपण हवे आहोत म्हणून बसविलेले नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते.

पहिल्या वर्षभरातच त्याने ह्या ज्ञानाचा उपयोग केला. ३१ डिसेंबर १७९७ रोजी नानांना शिंद्यांच्या छावणीत विश्वासघाताने कैद करण्यात आले. दौलतरावाला कबूल केलेला पैसा द्यावयाचा होता आणि खजिन्यात तो नव्हता. तेव्हा दौलतरावाचा सासरा सर्जेराव घाटगे याला पुणे शहरातून तो वसूल करण्याची मोकळीक मिळाली. सावकार, कारकून, प्रतिष्ठित गृहस्थ यांना पकडून आणि छळून पैसा उकळण्यात आला. परचक्रात जे झाले नसते ते स्वराज्याच्या राजधानीत स्वकीयांच्या हातून झाले. राज्य आणि रयत यांमधील विश्वासाचा धागा येथे तुटला. पुढे वीस वर्षांनी पुणे पडले, तेव्हा शहर त्यासाठी पेटून उठले नाही. त्याचे एक कारण १७९८ मध्ये शोधावे लागते.

नाना मार्च १८०० मध्ये वारले. आता तीन तरुणांच्या हाती मराठी राज्य होते. बाजीराव पंचवीस वर्षांचा, यशवंतराव होळकर जवळजवळ त्याच वयाचा, आणि दौलतराव त्यांहूनही लहान. तिघांतही गुण होते; यशवंतरावाचे शौर्य तर निर्विवाद होते. परंतु एकाच राज्याचे आपण तिघे आधार आहोत ही जाणीव तिघांपैकी कोणाच्याही वागण्यात दिसत नाही. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने यशवंतरावाचा भाऊ विठोजी होळकर याला पुण्यात हत्तीच्या पायी देऊन मारले. राजकीय अपराध्याला शिक्षा देणे वेगळे आणि सूड उगवणे वेगळे; हा सूड होता, आणि त्याचे व्याज दीड वर्षात चुकते करावे लागले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, हडपसरजवळ यशवंतरावाने पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा धुव्वा उडविला.

बाजीराव पळाला. सिंहगड, रायगड, महाड, हर्णै, रेवदंडा ह्या वाटेने तो कोकणचा किनारा धरून अखेर इंग्रजांच्या आश्रयाने वसईस पोहोचला. तेथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तह केला. कंपनीची सहा पलटणी फौज कायमची पदरी बाळगावयाची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेले वाद कंपनीच्या लवादाने मिटवावयाचे, आणि कंपनीच्या अनुमतीवाचून कोणत्याही सत्तेशी व्यवहार करावयाचा नाही. पित्याने सुरतेस वसई देऊ केली होती. पुत्राने वसईस बसून सारे राज्य देऊ केले. १३ मे १८०३ रोजी इंग्रजी संगिनींच्या संरक्षणात तो पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला.

ह्यानंतर जे घडले त्याचा दोष मात्र एकट्या बाजीरावाकडे जात नाही. वसईचा तह मोडावयाचा म्हणून शिंदे आणि नागपूरकर भोसले १८०३ मध्ये लढले. होळकर बाजूला उभा राहून पाहत होता. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. ऑक्टोबरच्या मध्यास कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर घेतले आणि २१ तारखेस असीरगड त्याच्या हाती आला. नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, आणि वर्ष संपता संपता भोसले व शिंदे दोघांचेही तह. सुर्जी अंजनगावच्या तहाने बऱ्हाणपूर आणि असीरगड शिंद्यांना परत मिळाले, पण दोआब, दिल्ली आणि बादशहा हातचे गेले. मग १८०४ मध्ये होळकर एकटा लढला, आणि आता शिंदे बाजूला उभा राहिला. एकेकाला गाठून पाडण्यासाठी इंग्रजांना फार मोठ्या युक्तीची गरजच पडली नाही.

ह्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक नवे प्रजासत्ताक आपले पहिले पाऊल टाकीत होते. ज्या कॉर्नवॉलिसने १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे अमेरिकनांपुढे शस्त्रे ठेवली, तोच पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला. तेव्हा शत्रू एकच होता. बाजीराव इंग्रजांच्या सोबतीने पुण्यास परतत होता, त्याच वसंतात अमेरिकेने पंधरा दशलक्ष डॉलर देऊन फ्रान्सकडून लुईझियानाचा अफाट प्रदेश विकत घेतला आणि आपला विस्तार दुप्पट केला. तेथेही सारे गोमटे नव्हते. गुलामांचा बाजार भरत होता, मूळच्या रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावले जात होते, आणि राज्याराज्यांत भांडणे होती. १८१२ मध्ये इंग्लंडशी युद्ध सुरू झाले, तेव्हा ईशान्येकडील काही राज्यांनी आपले शिबंदी लोक युद्धाला देण्याचे नाकारले. २४ ऑगस्ट १८१४ रोजी इंग्रज फौज वॉशिंग्टनमध्ये शिरली. अध्यक्ष मॅडिसन राजधानी सोडून पळाला, आणि इंग्रजांनी त्याचे निवासस्थान व संसदगृह जाळून टाकले.

म्हणजे पळाला तो एकटा बाजीरावच होता असे नाही. पण तीन दिवसांत मॅडिसन परतला. पुढच्याच महिन्यात जळक्या शहरात एका उसन्या इमारतीत संसद भरली. वर्षअखेर तह झाला, आणि १८१७ च्या मार्चमध्ये मुदत संपताच मॅडिसनने पद सोडले व निवडून आलेल्या मन्रोने ते घेतले. शिंद्यांची परवानगी लागली नाही, कोणाला हत्तीच्या पायी द्यावे लागले नाही. अध्यक्ष पळाला तरी तेथे राज्य जागेवर राहिले, कारण ते एका माणसात साठविलेले नव्हते. आपल्याकडे पेशवा पळाला आणि राज्यच त्याच्याबरोबर पळू लागले.

पुण्यातील पुढली बारा वर्षे वरवर शांततेची होती. १८०३ आणि १८०४ च्या भयंकर दुष्काळातून देश हळूहळू सावरला. बाजीरावाने वाडे बांधले, ब्राह्मणांना दक्षिणा वाटली, तीर्थयात्रा केल्या, आणि खजिना भरला. मात्र तो भरण्याची रीत अशी होती की जो अधिक बोली बोलेल त्याला मामलत मक्त्याने द्यावयाची. नानांच्या काळचा मामलेदार रयतेला जपत असे, कारण उद्याही त्याला त्याच रयतेकडून वसूल करावयाचा असे. मक्तेदाराला उद्याची शाश्वती नव्हती, म्हणून तो आजच पिळून घेई. जुनी जहागीरदार घराणी, विशेषत: पटवर्धन, त्याने इतकी दुखावली की १८१२ मध्ये त्यांच्या व पेशव्यांच्या संबंधांचा निवाडा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने पंढरपुरास केला. आपल्याच सरदारांचा धनी कोण, ह्याचे उत्तर तेथे जाहीरपणे मिळाले.

बाजीरावाला हा फास कळत नव्हता असे मानणे त्याच्यावर अन्याय होईल. त्याला सुटावयाचे होते. त्र्यंबकजी डेंगळे याच्या साह्याने त्याने शिंदे, होळकर, भोसले यांच्याकडे गुप्तपणे सूत्रे हलविण्यास प्रारंभ केला. पण २० जुलै १८१५ रोजी गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले होते. संशय त्र्यंबकजीवर आला आणि त्याला इंग्रजांच्या स्वाधीन करावे लागले. तो ठाण्याच्या तुरुंगातून निसटला, तेव्हा त्याचे निमित्त करून १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह लादला गेला. मराठेशाहीचे प्रमुखपद पेशव्याने सोडले आणि कोकणचा मुलूख कंपनीला दिला. बाळाजी विश्वनाथाचे घराणे ज्या कोकणातून वर आले, ते कोकण असे तलवार न उपसता गेले.

तलवार उपसली गेली ती ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस. बापू गोखले मैदानात होते आणि बाजीराव पर्वतीवरून पाहत होता. नियतीचा खेळ असा की, त्याच दिवशी ग्वाल्हेरकडे दौलतराव शिंद्याने इंग्रजांशी नवा तह करून युद्धातून अंग काढून घेतले. वीस वर्षे ज्या एकजुटीची बोलणी चालली होती, ती ज्या दिवशी हवी होती त्याच दिवशी संपली. सीताबर्डीस भोसले हरले, महिदपुरास होळकर हरले, आणि प्रत्येक जण आपापल्या वेळी, आपापल्या ठिकाणी हरला.

१७ नोव्हेंबरला पुणे पडले. त्यानंतर साडेसहा महिने बाजीराव पळत होता. सातारा, पंढरपूर, जुन्नर, कोरेगाव, कर्नाटकाची सीमा, सोलापूर. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीस बापू गोखले धारातीर्थी पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी छत्रपतींना साताऱ्यास लहानसे राज्य देऊ केले, आणि पेशव्याच्या नावाने लढण्यास उरलेले कारणही काढून घेतले. खानदेश, वऱ्हाड, चांदा अशी वळणे घेत बाजीराव एप्रिलमध्ये सिवनीस हरला आणि मग बऱ्हाणपूरच्या बाजूस वळला. असीरगड शिंद्यांचा होता, किल्लेदार यशवंतराव लाड मनाने अनुकूल होता. पण उत्तरेस नर्मदेचे उतार इंग्रजांनी रोखले होते, आणि मागे फिरावयास दख्खन उरले नव्हते.

मे महिन्यात त्याने महूस सर जॉन माल्कमकडे वकील पाठविले. १ जूनला दोघांची भेट झाली, पण मन ठरेना. अखेर चोवीस तासांची मुदत देऊन माल्कमने अटी पाठविल्या. पुण्याच्या राज्यावरील स्वत:चा आणि वारसांचा सर्व हक्क सोडावा, उत्तरेकडे जाऊन एखाद्या तीर्थक्षेत्री राहावे, आणि वर्षाला किमान आठ लाख रुपये घ्यावेत. आपल्यासाठी ज्यांचा सर्वनाश झाला त्या सरदारांचा आणि आश्रितांचा विचार व्हावा, अशीही तरतूद त्यात होती. तेवढी माणुसकी त्याच्या पदरी घातलीच पाहिजे. ३ जूनला तो छावणीत आला. आठवड्याभरातच त्याच्या पदरच्या अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्याच्या तंबूला वेढा घातला, आणि पेशव्याला त्याच्याच सैनिकांच्या हातून सोडविण्याचे काम माल्कमला करावे लागले.

ह्या कथेला बऱ्हाणपूरच्या परिसरातच एक शेपूट आहे. नागपूरचे पदच्युत अप्पासाहेब भोसले पुढल्या वर्षी असीरगडाच्या आश्रयास आले, तेव्हा इंग्रजांनी गडाला वेढा घातला आणि ९ एप्रिल १८१९ रोजी तो घेतला. गडावर दौलतरावाचे एक पत्र सापडले. बाजीराव जे सांगेल ते ऐकावे, असा त्यात किल्लेदाराला आदेश होता. म्हणजे मनातून दौलतरावालाही पेशवा तारावा असे वाटत होते. फक्त जे मनात होते ते त्याने ग्वाल्हेरला उघड सांगितले नाही, आणि असीरगडला चोरून सांगितले.

बाजीराव पुढे कानपूरजवळ ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, तेहतीस वर्षांच्या आसपास राहिला. अडीच कोटींहून अधिक पेन्शन त्याने घेतली. राज्य करण्यापेक्षा पेन्शन खाण्यातच त्याचे आयुष्य अधिक गेले. कंपनीला अफगाण युद्धात त्याने कर्जही दिले. २८ जानेवारी १८५१ रोजी तो वारला. त्याच्या दत्तकपुत्राला, नानासाहेबाला, कंपनीने पेन्शन नाकारली. त्याच बिठूरच्या अंगणात नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीच्या लक्ष्मीबाई यांची नावे आकारास आली. ज्याने लढणे सोडून दिले, त्याच्या दारात १८५७ वाढले, हा काळाचा न्याय म्हणावा की विनोद, हे ठरविणे कठीण आहे.

बाजीरावाचे समर्थन करण्यासाठी हे आम्ही लिहिलेले नाही. विठोजीचा वध, पुण्याची लूट, वसईचा तह ही त्याची कृत्ये आहेत आणि ती तशीच राहतील. परंतु त्याला अविश्वास शिकविणारे पहारेकरी, त्याला गादीवर चढविणारे आणि उतरविणारे मुत्सद्दी, आळीपाळीने बाजूला उभे राहणारे सरदार यांनाही त्याच्या शेजारी उभे केले पाहिजे. राज्य कोणाचे, ह्या प्रश्नाला प्रत्येकाने आपापल्या घराण्याचे नाव हे उत्तर दिले. रयतेला तर तो प्रश्न विचारलाच गेला नाही.

आज आपले राज्य प्रजासत्ताक आहे, आणि ते सहज मिळालेले नाही. तरीही एखाद्या नेत्यावाचून आपले भागणार नाही असे म्हणणारे आवाज अधूनमधून कानी येतात, पक्षाच्या वा प्रांताच्या रागापायी देशाच्या कामात अंग चोरणारे दिसतात, आणि मनात एक व जाहीर एक अशी पत्रे आजही लिहिली जातात. असे काही दिसले की आम्हांला असीरगडाच्या पायथ्याचे ते धूळकोट आठवते. बऱ्हाणपूरच्या वाटेने जाणाऱ्या मराठी प्रवाशाने गड अवश्य पाहावा. पण खाली उतरताना क्षणभर थांबून, तेथे आपण नेमके काय गमावले आणि ते गमावण्यास किती हात लागले, याचाही हिशेब एकदा करावा.